सडकेचं टायर, डोंगराची वाट

प्रिय सुजाता,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला हुलसूरला आले होते. विहारात उभं राहायला जागा नव्हती. ज्या बायकांची बाळंतपणं तू केलीस, त्या आपापली लेकरं घेऊन आल्या होत्या. काही लेकरांना तर मिसरूड फुटलं होतं. तुझ्या प्रज्ञानं माझ्या हातात माइक दिला आणि म्हणाली, "मावशी, आईची सगळ्यात जुनी मैत्रीण तुम्ही. त्या सायकलच्या शर्यतीचं सांगा."

आणि मी सांगितलं. काय सांगितलं, ऐक. म्हणाले, सुजाता सगळ्यांच्या पुढं होती, पण खाणीच्या उतारावर तिचं टायर फुटलं, नशीब आडवं आलं. ती पडली. मी सायकल टाकली, धावले, तिला उचललं, खाली आणलं. बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. कार्यक्रम संपल्यावर प्रज्ञा माझ्यापुढं वाकली. "तुम्ही उचललंत हे आईनं कधी सांगितलंच न्हाई," म्हणाली.

कसं सांगशील तू? तसं झालंच नव्हतं!

तू जिवंत असताना पंधरा वर्षं मी गप्प बसले. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून तू गेल्यावर तुझ्याच लोकांपुढं उभी राहून खोटं बोलले. गुलबर्ग्याला परत येताना बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "तब्येत बरी न्हाई का?" काय सांगू तिला? म्हणून हे पत्र. जे विहारात तोंडानं निघालं नाही ते आधी हातानं लिहून बघते.

मंठाळच्या दवाखान्यामागचं आपलं क्वार्टर आठवतं का गं? पुढची खोली तुझी, मागची माझी, चूल दोघींची. तुझे मालक भालकीला शाळेवर होते, रविवारी यायचे. पाच वर्षांची प्रज्ञा तुझ्या आईजवळ. मी दुबलगुंडीच्या शेतकऱ्याच्या घरातली, नवीन नोकरी, नवीन पांढरी साडी. पहिले आठ-दहा दिवस मी तुझ्या माठातलं पाणी प्याले नाही. "तहान न्हाई," म्हणायचे. तुला कळत होतं.

एका दुपारी उन्हात सायकल ढकलत आले, तर तू दारातच तांब्या घेऊन उभी. "पी, नर्सबाई. न्हाईतर तुलाच सलाईन लावावं लागंल." मी घटाघटा प्याले. तू हसलीस. तुझ्या जागी मी असते तर मला हसता आलं नसतं.

सायकलसुद्धा तूच शिकवलीस. सरकारनं आपल्याला खेड्यांत फिरायला सायकली दिल्या, आणि मला साधा पाय टाकता येत नव्हता. तू शाळेच्या मैदानावर माझ्यामागं पळायचीस. "पुढं बघ, इंदू! खाली कामून बघायलीस? चाक कुठं पळून जात न्हाई!"

तुझं सगळं ज्ञान तुझ्या अप्पांकडून आलेलं. ते सडकेच्या कामावर गँगमन. कुठल्या वाटेवर मुरूम, कुठं काळी माती, कुठं बाभळीचा काटा, सगळं त्यांना पाठ. घर बौद्ध झालं तेव्हा त्यांनीच तुझं धुरपता हे नाव बदलून सुजाता ठेवलं. "नाव बी दिलं अन् सायकल बी दिली, दुसरं काय पाहिजे?" असं तू म्हणायचीस. आधी वाट चालून बघायची, मग टायरला हात लावायचा, हे त्यांनी तुला शिकवलं आणि तू मला शिकवलंस. मी त्याचा काय उपयोग केला तेच आता सांगायचं आहे.

म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक होऊन दोन-तीन महिनेच झाले होते. सव्वीस जानेवारीला कल्याणला, आपल्या तालुक्याच्या गावी, सरकारी नोकरीतल्या बायकांची सायकल शर्यत ठरली. नर्सबाई, ग्रामसेविका, बालवाडीच्या बाई. बायका रोज ज्या वाटेनं कामाला जातात तसल्याच वाटेनं शर्यत: मैदानातून निघायचं, शेतांतून जायचं, खाणीचा डोंगर चढायचा, पलीकडून उतरून परत मैदानात. पहिली येईल ती गुलबर्ग्याच्या शर्यतीला जाणार, तिथून पुढं बेंगळूरला. कागद हातात आला तेव्हा तू दवाखान्याच्या व्हरांड्यात गिरकी घेतलीस! मोठ्या डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं तरी थांबली नाहीस.

आपण दोघी कल्याणला मेहबूबचाचांच्या सायकल दुकानात गेलो. तू टायर कसं बघायचीस! अंगठ्यानं दाबायचीस, नक्षीवरून बोट फिरवायचीस, नाकाशी धरून रबराचा वास घ्यायचीस. चाचांकडं दोन तऱ्हेची टायरं होती. एक दुधाच्या कॅनवाले लावतात तसलं जाड, वर गोट्या-गोट्यांची नक्षी. दुसरं हलकं, बारीक, जवळपास गुळगुळीत; सडकेवर ते नुसतं सुसाट जायचं. मला बारीकच आवडलं. दिसायला छान होतं.

"दिसण्यावर जाऊ नको," तू म्हणालीस. "मुरमावर हे लावलंस तर ज्वारीच्या दाण्यावर पाय ठिवल्यावानी व्हईल. डोंगराला जाडच पाहिजे."

चाचा मान हलवत होते. "बराबर बोल रई बहन. पहाड का रास्ता है तो मोटाच होना."

मग तू त्यांच्याकडून दोन जुन्या ट्यूबा मागून घेतल्यास, उभ्या चिरल्यास आणि टायरच्या आत अस्तरासारख्या बसवल्यास, काटा आतपर्यंत जाऊ नये म्हणून. मागचं फ्रीव्हील, चेन बसते ते दातेरी चक्र, अठरा दात्यांचं होतं ते काढून दोघींच्याही सायकलला वीस दात्यांचं घालायला लावलंस. मी विचारलं, "दोन दाते जास्त झाल्यानं काय व्हतंय?" तू माझी सायकल उलटी करून पायडल हातानं फिरवायला लावलंस. "बघ, हलकं लागतंय का न्हाई? चढावर पायाला वझं कमी. सडकेवर जरा मागं पडशील, पण डोंगरावर बसून चढशील." मडगार्ड काढले, कॅरियर काढलं, चेनचं झाकण काढलं. ब्रेकला नवीन रबर. सीट बोटभर खाली, उतारावर तोल राहावा म्हणून. हवासुद्धा तू थोडी कमीच ठेवायला सांगितलीस. "दगड टायरनं गिळला पाहिजे. लई ताठ भरलं की उडवून टाकतंय."

कपड्यांचं कसं करायचं हेही तूच ठरवलंस. तुझ्या आईचं नऊवारी, कासोटा घट्ट मारून, आणि पायात कॅनव्हासचे बूट. पंधरा दिवस आपण कामावर जाता-येता खाणीचा डोंगर चढलो-उतरलो. रोज तू पुढं, मी मागं. रोज वर पोचल्यावर तू दगडावर बसून माझी वाट बघायचीस. तू माझी वाट बघतेस याचाच मला राग यायला लागला होता, हे तुला कधी कळलं का?

मग माझा थोरला भाऊ आला. अण्णाला शर्यतीचं कळलं होतं. गावची दहा-बारा माणसं बघायला येणार म्हणाला. तू तेव्हा खेड्यावर गेली होतीस. निघताना तो माझ्या सायकलच्या दांड्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "हरलीस तर हर. पन तिच्या मागं येऊ नको, इंदू. गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई."

तिच्या म्हणजे कुणाच्या, हे त्याला सांगावं लागलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. पण सुजाता, अण्णाचं नाव पुढं करून मी सुटणार नाही. त्यानं जे बोलून दाखवलं ते माझ्या मनात आधीच होतं. तुझ्या माठातलं पाणी पिऊनसुद्धा होतं. तू मला शिकवतेस, तू माझी वाट बघतेस, बाया बाळंतपणाला आधी तुझंच नाव घेतात, हे सगळं एका जागी साठलेलं होतं.

शर्यतीला तीन दिवस राहिले होते. तेव्हा कुणीतरी वावडी उठवली की साहेबांची जीप डोंगरावर जात नाही, त्यामुळं शर्यत डोंगरावरून न नेता सरळ डांबरी सडकेनं नेणार. तू बेचैन झालीस. सडक असेल तर सगळंच बदलणार, टायर, फ्रीव्हील, हवा. मी महिन्याचा रिपोर्ट द्यायला तालुक्याला निघालेच होते. तू म्हणालीस, "ऑफिसात विचारून ये गं. तू इचारलीस की मला भरवसा."

मी विचारलं. टेबलामागच्या बाबूनं वर न बघता सांगितलं, "सिस्टर, वाट आधीची हाय तीच. जीप खालीच थांबंल."

दिवस मावळायच्या आत मी परत आले. तू अंगणात सायकल उलटी करून चेनला तेल देत होतीस. हात काळे, कपाळावर काळा पट्टा.

"काय म्हनले? सडक का डोंगर?"

"सडक," मी म्हणाले.

एवढंच. बसमध्ये काही ठरवलं नव्हतं, देवाशपथ. पण आता शपथ तरी कुणाला घालते मी! ठरवलं नसेल, तरी तोंडातून आलं ते माझ्याच. आणि मागं घ्यायला तीन दिवस होते.

तू सुस्कारा टाकलास. "बरं झालं कळलं. उद्याच चाचांकडं जाऊ. तुझं बी बदलून घे."

"माझं ऱ्हाऊ दे. मला कुठं जिंकायचं हाय?"

"असं कामून म्हनायलीस? दुसरी तर येशील! चल, मी बदलून देते तुझं." मी नको म्हणत राहिले आणि तू मला मनवत राहिलीस. तुझं ते मनवणं आठवलं की आजसुद्धा मी हातातलं काम सोडून उभी राहते.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या दुकानात मी तुझ्या शेजारी उभी होते. बारीक टायरं चढली. वीसचं फ्रीव्हील निघालं, सोळाचं बसलं. तू चेनची कडी काढून ती ताणून घेतलीस. हवा ताठ भरली. चाचांनी दोनदा विचारलं, "पक्का है ना बहन? सडकच है ना?"

तू माझ्या खांद्यावर हात टाकलास. "मेरी बहन खुद पूछको आई, चाचा."

मी तेव्हाही बोलू शकले असते. तुला मध्येच थांबवून एवढंच म्हणायचं होतं, "ऐकण्यात चूक झाली असंल, उद्या परत विचारते." तुला संशयही आला नसता. मी दुकानातल्या घंट्या वाजवून बघत बसले.

सव्वीस जानेवारीला मैदानात झेंडा झाला, भाषणं झाली. चौदा बायका सायकली धरून उभ्या. माइकवर वाट सांगितली: शेतं, खाणीचा डोंगर, उतार, मैदान. तू वळून माझ्याकडं बघितलंस. राग नव्हता गं त्या बघण्यात. नुसती तू गोंधळली होतीस.

"बाबूनं मला सडकच सांगितलं व्हतं," मी म्हणाले. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

"त्याच्या तर!" तू म्हणालीस आणि लगेच खाली बसलीस. दोन्ही चाकांतली हवा सोडलीस, अंगठ्यानं दाबून बघितलीस, परत थोडी सोडलीस. जे हातात होतं तेवढं केलंस. माझ्या टायरकडं बघून म्हणालीस, "बरं झालं तू बदललं न्हाईस."

शिट्टी वाजली.

पहिला सडकेचा तुकडा तू असा कापलास की पोरं ओरडायला लागली. मग शेताची वाट आली. काळ्या मातीला हाताएवढ्या भेगा. तुझं बारीक चाक भेगेत शिरायचं, तू उतरायचीस, सायकल उचलायचीस, परत बसायचीस. मी तुला तिथं मागं टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्या मागं होतीस! मला आनंद झाला. हो, झाला. हेही लिहायलाच पाहिजे.

चढावर वीस दात्यांवर मी बसून चढत होते. तुझं सोळाचं पायडल हलेना. मागून धपधप आवाज आला म्हणून बघितलं, तर तू सायकल खांद्यावर घेऊन पळत येत होतीस! कासोटा मारलेला, बुटांना लाल माती, तोंड घामानं भिजलेलं. तू पायी मला गाठलंस. माझ्या बाजूनं जाताना हसून म्हणालीस, "माझी गाडी बिनदात्याची, बघ!"

डोंगराच्या माथ्यावर तू पुढं होतीस. टायर चुकीचं, दाते चुकीचे, आणि तरी पुढं.

उतारावर खाणीच्या दगडाची बारीक खडी पसरलेली. पंधरा दिवसांत तूच मला तिथं सांगितलं होतंस, इथं ब्रेक दाबायचा नाही, टायरला धरू द्यायचं. तुझ्या टायरला धरायला काही नव्हतंच. मागचं चाक एका बाजूला गेलं, टायर रिमवरून सुटलं, आणि तू खडीवरून घसरत दगडाच्या ढिगावर आदळलीस.

मी पोचले तेव्हा तू उताणी पडली होतीस. उजवा गुडघा भलतीकडंच वळलेला. आपण दोघी नर्स, एका नजरेत कळलं आपल्याला. तू म्हणालीस, "इंदू, गुडघा गेला बघ."

मी एक पाय जमिनीवर टेकवला. एकच. दुसरा पायडलवर होता. मागून कुणी येतंय का, हे मी वळून बघितलं.

"मी मानसं पाठवते," मी म्हणाले.

तू माझ्या पायडलवरच्या पायाकडं बघितलंस. मग म्हणालीस, "जा."

पंधरा वर्षं मी त्या एका शब्दाला धरून बसले होते. तिनंच जा म्हटलं, मी मनाला समजवायचे. पण तू काय दुसरं म्हणणार होतीस? उतरून जवळ बसायचं असतं, तर मी तसं म्हटलंच कशाला असतं?

मी गेले. आधी रेघ ओलांडली, मग जीपच्या ड्रायव्हरला सांगितलं. अण्णानं फेटा उडवला. गळ्यात हार पडला. तुला खाणीतल्या मजूर बायकांनी आणलं, दगड वाहायच्या फळीवर घालून, चौघींनी चार कोपरे धरून. त्या मैदानात शिरल्या तेव्हा मी स्टेजवर होते, आणि खाली उतरायच्या आधी फोटोसाठी थांबले.

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात तू तीन महिने प्लास्टरमध्ये होतीस. मी भेटायला आले तर तू मलाच शर्यतीचं विचारायला लागलीस! "गुलबर्ग्याची वाट बघून आलीस का? माती कसली हाय?" मी बघितली नव्हती. तुझ्यावाचून मला काय कळत होतं? त्या शर्यतीत मी नववी आले. तू ऐकून हळहळलीस. खरंच हळहळलीस.

तुझा गुडघा वाकला नाही तो नाहीच. पायडल मारणं संपलं. सायकल तू भावाला देऊन टाकलीस आणि हुलसूरकडची खेडी काठी टेकत, बैलगाडीत बसून फिरायला लागलीस. मी परीक्षा दिल्या, वरची जागा मिळाली, गुलबर्ग्याला आले. तू पत्र लिहायचीस, अंतर्देशीय, कडेपर्यंत भरलेलं: कुणाला जुळं झालं, प्रज्ञा कितवीत गेली. मी दोन ओळी लिहायचे. तुला वाटलं असेल इंदू मोठी झाली, तिला वेळ नसेल. मला वेळ होता. तुझं अक्षर बघितलं की लाज वाटायची आणि लाज वाटली की तुझाच राग यायचा. एकदा तरी त्या बाबूला जाऊन जाब विचारायचा होतास! माझ्यावर कामून एवढा विश्वास टाकलास गं?

काविळीनं तू आठ दिवसांत गेलीस. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

काल मी परत हुलसूरला गेले. प्रज्ञा दारात ज्वारी निवडत बसली होती. "जयभीम मावशी, परत आलात?" तिनं चटई टाकली. बसायच्या आधीच मी बोलून टाकलं, बसले असते तर बोलले नसते. बाबू काय म्हणाला, मी काय सांगितलं, उतारावर काय केलं, तुला कुणी आणलं. सगळं.

तिचे हात सुपात थांबले. मग म्हणाली, "आईला वाटायचं तिचीच चूक झाली."

"तिची कशी? तिला तर सडक म्हणून सांगितलं व्हतं."

"तेच की. ती म्हनायची, जाड टायर सडकेवर बी चाललं असतं, जरा हळू. बारीक टायर डोंगरावर चालत न्हाई. एवढं साधं मला सुचलं न्हाई, पयला नंबर पाहिजे म्हनून हाव सुटली मला. त्या हावेनं पाय गेला." प्रज्ञानं डोळे पुसले नाहीत. "मला शाळेला सायकल घेतली तवा मी म्हनलं, आई, टायर तू बघून दे. तर दुकानात बाकड्यावर बसून ऱ्हायली. म्हनली, दुकानदाराला इचार बाळा, मला त्यातलं कळत न्हाई."

सुजाता! तुला कळत नाही? तुला?

मला वाटत होतं मी तुझा पाय घेतला. तेवढंच ओझं मी पंधरा वर्षं वाहत होते आणि तेच जड म्हणत होते. जे तू अप्पांकडून शिकलीस, बोटांच्या टोकांत जे होतं तुझ्या, त्यावरचा तुझा भरवसाच मी काढून घेतला होता, हे मला काल त्या दारात कळलं. हाव माझी होती आणि ती तू स्वतःच्या नावावर घेऊन जगलीस.

मी प्रज्ञाला म्हणाले, "मला माफ कर म्हनत न्हाई."

"नका म्हनू," ती म्हणाली. "माझ्याकडं ते न्हाईच." मग सूप बाजूला ठेवून माझ्या डोळ्यांत बघितलं, अगदी तुझ्यासारखं. "पन मावशी, तुम्ही हे विहारात कामून न्हाई बोललात? तेवढी मानसं तुमचं खोटं घेऊन घरी गेली. माझ्या आईला तुम्ही उचललं म्हनून आता गावात सांगायलेत. ज्या चौघींनी उचललं त्यांचं कुनी नाव बी घेत न्हाई."

तिनं चहा विचारला नाही आणि मी थांबले नाही. दारातून निघताना मागून म्हणाली, "पौर्णिमेला सगळे जमत्यात. यायचं असंल तर या."

मी येणार आहे, सुजाता. अजून सहा दिवस आहेत. अण्णाला सांगितलं, तर म्हणाला, "मेलेल्या मानसासाठी आपली अब्रू कामून घालवतीस?" त्यालाही सोबत चल म्हटलंय. तो येणार नाही. मी एकटी येईन.

खाणीतल्या त्या बायका कोण होत्या ते कल्याणला जाऊन आधी शोधीन. त्यांतली एक जरी भेटली तर तिला घेऊन येईन आणि माइक तिच्या हातात देईन. माझ्या वाट्याला फार बोलायचं नाही. परवा जेवढ्या माणसांपुढं खोटं बोलले, तेवढ्यांपुढं उभी राहून मान वर ठेवून सांगीन, आणि बाबूचं, अण्णाचं, नशिबाचं नाव त्यात येऊ देणार नाही: सुजाताला टायरमधलं सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. तिनं निवडलेलं टायर बरोबर होतं. वाट मी खोटी सांगितली.

तू सायकल शिकवलेली,
इंदू
गुलबर्गा